द्राक्षाच्या हंगामाला निघताय? एकरी भाव ऐकण्याआधी झाडं मोजा

प्रश्न विचारणारा पेठ तालुक्यातला तरुण आहे. बारावी झालेली, नुकतंच लग्न झालेलं, घरची थोडी भात-नागलीची शेती. आवणी (भाताची लावणी) उरकली आहे आणि कापणीनंतर नवरा-बायकोने दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जायचं मनात आहे. काम कसं मिळवायचं, रोजाने जावं की उक्तं, म्हणजे पूर्ण कामाचा एकच भाव ठरवून, घ्यावं, हातात किती पडेल, आणि जपायचं कशाला, असं त्याने विचारलं आहे. मी याच पट्ट्यात आधी टोळीतली मजूर आणि नंतर मुकादम म्हणून हंगाम काढत आले आहे. म्हणून नाशिकच्या द्राक्षापुरतंच सांगते. सांगली-तासगावकडे बेदाण्याच्या शेडवरचं काम वेगळं, तिथले हिशोब वेगळे.

भाऊ, आधी वेळेचं बघा. बहुतेक बागांची गोड छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर चालते. बागलाणकडे काही जण त्याच्याही बरंच आधी छाटतात, कारण त्यांना लवकर माल काढायचा असतो. छाटणी झाली की लगेच डोळ्यांना, म्हणजे काडीवरच्या कोंबांना, पेस्ट लागते (ते एकसारखे फुटावेत म्हणून लावायचं औषध), मग फुटी निघतात, नको त्या फुटी काढायच्या, घडांना जीएच्या (जिबरेलिक ॲसिड, मणी वाढवायचं औषध) द्रावणात बुडवायचं म्हणजे डिपिंग, आणि साधारण दीड महिन्याने मणी धरले की विरळणी, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढणं, आपल्याकडे सगळे थिनिंग म्हणतात ते. खुडा, म्हणजे तयार घड तोडणं, जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. माल निघून गेला की एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे नव्या काड्या फुटाव्यात म्हणून करायची छाटणी.

तुम्ही कापणी करून निघणार म्हणता. भात हळवा (लवकर येणारा) असेल तर दसरा-दिवाळीच्या आत मोकळे व्हाल, गरवा (उशिरा येणारा) असेल तर नोव्हेंबर उजाडेल. म्हणजे छाटणी आणि पेस्ट तुमच्या हातून गेली असं धरा. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या वर्षी छाटणीला नवख्या माणसाला कोणी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, देतही नाही. काडीवर किती डोळे ठेवायचे यावर वर्षाचा माल ठरतो, तिथे बागायतदार जुनेच हात मागतो. नवख्याला शिरकाव मिळतो तो फुटी काढायला, डिपिंगला आणि विरळणीला, आणि तुम्ही नेमके तेव्हाच पोचताय. माणसांची खरी ओढाताण विरळणीतच होते, कारण सगळ्या बागा एकाच वेळी त्या टप्प्यावर येतात आणि मणी कोणासाठी थांबत नाही.

काम मिळवायचे रस्ते तीन. गावातल्या टोळीबरोबर जाणं, मजूर बाजारात उभं राहणं, किंवा ओळखीच्या बागायतदाराकडे थेट जाणं. गिरणाऱ्याला हंगामात पहाटेपासून मजूर बाजार भरतो, त्र्यंबक-हरसूल-पेठकडची माणसं तिथे उतरतात. असे नाके द्राक्षपट्ट्यातल्या मोठ्या गावांत आणखीही आहेत. नाक्यावर त्या दिवसाचा भाव त्या दिवशी ठरतो. काम टिपेला असलं की टोळीपेक्षा चांगला भाव मिळतो आणि संध्याकाळी पैसे हातात येतात. पण ढग आले, पाऊस झाला की गाड्याच येत नाहीत, आणि राहायची सोय तुमची तुम्ही. रोज घरून ये-जा करता येईल अशा गावातल्या माणसाला नाका परवडतो. तुमच्यासारख्या जोडप्याने पहिला हंगाम गावच्या टोळीतच काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

टोळी निवडताना मुकादमाला भाव विचारून उपयोग नाही, तो चांगलाच सांगणार. त्याच्याबरोबर गेल्या वर्षी गेलेल्या दोन घरी जा आणि इतकंच विचारा: शेवटचा हिशोब कधी झाला, आणि यंदा पुन्हा त्याच्याबरोबर जाताय का? होळीच्या आत हिशोब मिटला आणि तीच माणसं पुन्हा निघाली असतील तर मुकादम धरून ठेवा. होळीला आपली माणसं कशीही करून गावी येतात, तेव्हा ज्याची बाकी राहिली त्याचं तोंड बघूनच कळतं.

आता उक्तं की रोजाने. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण हंगामाचा पैसा इथेच बनतो किंवा इथेच बुडतो.

उक्त्याचा भाव एकरावर सांगतात. एकर सगळीकडे चाळीसच गुंठ्यांचा, पण एका एकरात झाडं किती हे लागवडीच्या अंतरावर आहे. दोन ओळींत दहा फूट आणि दोन झाडांत सहा फूट असेल तर एकरी 726 झाडं बसतात. नऊ बाय पाचची बाग असेल तर 968. म्हणजे भाव तोच, एकर तोच, पण काम तिसऱ्या हिश्श्याने जास्त. पन्नास माणसं बागेत उतरवून मग हे लक्षात येणारे मुकादम मी पाहिलेत. बागेत गेल्यावर आधी एक ओळ चालून झाडं मोजायची, ओळी मोजायच्या, गुणाकार करायचा. सात-बारावर एकर किती आहे याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. बारावी झालेल्या माणसाला हे पाच मिनिटांचं काम आहे, आणि टोळीत तुमचा मान यानेच वाढेल.

झाडं मोजून झाली की एका झाडावर घड किती ते बघायचं, आणि घड कसा आहे तेही. सैल घडाला कात्री झरझर चालते. गच्च, एकमेकांत रुतलेल्या घडात तेवढ्याच वेळात निम्मंही काम होत नाही. जातीजातीत आणि बागेबागेत यात फरक आहे, त्यामुळे शेजारच्या बागेचा भाव ऐकून तोच मागणं हा आळस आहे. भाव सांगायच्या आधी टोळीतल्या मधल्या हाताच्या बाईला, सगळ्यात झटपट नको आणि सगळ्यात संथही नको, दोन-तीन झाडं करायला लावा आणि घड्याळ बघा.

समजा एका झाडाला वीस मिनिटं लागली. तासाला तीन, आठ तासांत चोवीस झाडं. 968 झाडांच्या एकराला चाळीस माणसांचा एक दिवस, किंवा दहा माणसांचे चार दिवस. बागायतदार एकरी 16,000 म्हणाला तर माणशी रोज चारशे पडले. तेच 16,000 जर 726 झाडांच्या बागेला असतील तर तीस माणसांत काम उरकतं आणि माणशी सव्वापाचशेच्या वर जातात. हे आकडे गणित दाखवायला घेतले आहेत. भाव दर वर्षी, कधीकधी दर आठवड्याला हलतो, तुमच्या वेळचा आकडा तुम्ही घाला. रोजाचा चालू भाव त्या गावात जो असेल त्यापेक्षा उक्त्यात चांगलं जास्त सुटत नसेल तर उक्तं कशाला घ्यायचं? उक्त्यात माणूस पाणी प्यायलाही थांबत नाही, अंधार पडेपर्यंत राबतो. तो घाम हिशोबात धरा.

भाव ठरताना कामात काय काय येतं हेही तोंडावर ठरवून घ्यावं. विरळणी एकदाच करायची, की मणी फुगल्यावर पुन्हा एक हात फिरवायचा? डिपिंग त्यातच धरलंय का? ओळीतल्या खाली पडलेल्या फुटी उचलून बाहेर कोणी टाकायच्या? पावसाने काम थांबलं तर बसून राहिलेल्या दिवसांचं खर्चायला काही मिळणार का? आणि गारपीट झाली, बागच गेली, तर झालेल्या कामाचे पैसे किती दिवसांत? नाशिककडे फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो आणि गारांचा फटका बसला की बागायतदारही कोलमडतो, त्याच्याकडे द्यायला खरंच नसतं. म्हणून हंगामाच्या शेवटी एकरकमी हिशोब कधीच कबूल करू नका. निम्मी बाग झाली की निम्मे पैसे, हा माझा नियम आहे. चांगले बागायतदार याला नाही म्हणत नाहीत. जे म्हणतात त्यांच्याकडे मी जात नाही.

वही ठेवा. तारीख, कोणाची बाग, कोणतं काम, किती माणसं, ठरलेला भाव, मिळालेले पैसे. रोज संध्याकाळी त्याचा फोटो काढून मुकादमाला व्हॉट्सॲपवर टाका, त्याने अंगठा दाखवला की झाली सही. खाडे कोणाचे किती यावरून शेवटी भांडणं होतात ती वहीपुढे होत नाहीत.

मुकादमाचं काय? कोणी माणशी रोजामागे ठरावीक रुपये घेतो, कोणी टोळीत एक वाटा जास्त धरतो, कोणी बागायतदाराकडून वेगळे घेतो. माझं म्हणाल तर एक वाटा जास्त, आणि तो सगळ्यांसमोर सांगून. गाडीभाडं कोणाचं, किराणा उधारीवर आणला तर दुकानदाराचा भाव काय, हेही निघायच्या आधी विचारा. भावात दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करणारी माणसं किराण्याच्या उधारीत त्याच्या कितीतरी पट घालवतात.

उचल शक्यतो घेऊ नका. घ्यावीच लागली तर पंधरा दिवसांत फिटेल एवढीच. ऊसतोडीत कोयत्यामागे, म्हणजे जोडप्यामागे, मोठी रक्कम आधीच घेतात आणि माणूस पूर्ण गाळप हंगाम बांधला जातो, फिटली नाही तर पुढच्या वर्षीही तोच मुकादम. द्राक्षात अजून तेवढं जड झालेलं नाही, ते तसंच राहू द्या. आणि एक गोष्ट पक्की माहीत असावी: उचल बाकी आहे म्हणून कोणालाही अडवून ठेवून राबवणं हा 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. तसं झालं तर तहसीलदाराकडे जायचं.

तुमच्या मंडळींचा वाटा तुमच्याइतकाच. उक्त्यात डोकी मोजून सारखे वाटे पडतात, तिथे वाद नाही. रोजाने जाताना मात्र बाईला कमी आणि माणसाला जास्त असं सर्रास चालतं. एकाच कामाला एकच मजुरी हे कायद्यात 1976 पासूनच आहे. कायद्याचं राहू द्या, विरळणीत बायकांचे हात माणसांपेक्षा झपाझप चालतात हे कोणताही बागायतदार मान्य करेल. मग पैसे कमी का? आमच्या टोळीत कमी घेत नाहीत.

कामाचं थोडं. विरळणीत घड हातात धरायचा तो देठाकडून, मण्यांना बोटं चोळायची नाहीत. कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तो मणी पुढे काळा डाग घेऊन मोठा होतो आणि निर्यातीत तो घड बाद. किती मणी ठेवायचे हे बागायतदार स्वतः एक घड करून दाखवतो. तो घड नीट बघा, हवा तर सुतळी बांधून खूण करून ठेवा, म्हणजे नंतर जास्त काढले की कमी यावर बोलणं होत नाही. खुड्यालाही तेच: देठ धरून कापायचं, मण्यावरची पांढरी भुकटी पुसली गेली की मालाचा भाव जातो. नखं कापलेली हवीत. खुडा सकाळच्या गारव्यात चालतो, ऊन चढलं की थांबतात.

मंडपाच्या बागेत दिवसभर मान वर आणि हात डोक्याच्या वर. पहिल्या आठवड्यात मान आणि खांदे एवढे धरतात की रात्री कूस बदलता येत नाही. गोळी खाऊन तसंच रेटू नका. तासाभराने दोन मिनिटं हात खाली सोडून मान फिरवायची, आणि अर्धा दिवस विरळणी तर अर्धा दिवस खालचं काम अशी माणसं बदलायची. वाय पद्धतीच्या, म्हणजे इंग्रजी वायच्या आकाराच्या आधारावर वेल चढवलेल्या, बागेत घड छातीच्या उंचीवर येतात, तिथे हा त्रास बराच कमी. दोन बागांचा भाव सारखा असेल तर मी वायची घेते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. यंदा पेस्टचं काम तुमच्या वाट्याला येणार नाही असं मी म्हटलं, पण उशिरा छाटलेल्या बागेत येऊही शकतं. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला जे लावतात ते हायड्रोजन सायनामाइड. अंगावर सांडलं तर कातडी भाजते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्याला चष्मा. कपड्याचा बोळा उघड्या हाताने बुडवून लावायला सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा. आणि दारू. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. दिवसभर पेस्ट लावून थकवा घालवायला संध्याकाळी एक क्वार्टर, असं करणारे असतात म्हणून इतकं स्पष्ट लिहिते. आदल्या दिवशी नाही, आणि नंतर किमान आठवडाभर थेंब नाही. असं काही झालंच तर 108 ला फोन करा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा, डबा बरोबर न्या. नुसतं ‘जास्त झाली’ म्हणून झोपवून ठेवू नका.

फवारणीचं तेवढंच लक्षात ठेवा की बागेत शिरण्याआधी ‘काल काय मारलं?’ हे विचारायचं. पानं ओली असताना, औषधाचा वास येत असताना आत जायचं नाही. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) शेजारच्या ओळीत चालू असेल तर बाहेर यायचं, त्या वेळेचा रोज कापला जात नाही हेही आधी बोलून ठेवायचं. औषधाच्या रिकाम्या कॅनमधून प्यायचं पाणी आणणाऱ्या टोळ्या अजून आहेत. कॅन कितीही धुतला तरी नाही.

राहायला बहुतेक ठिकाणी मळ्यातच पत्र्याचं शेड मिळतं. ते जाऊन बघितल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नका. पाणी कुठून, लाइट आहे का, दाराला आतून कडी लागते का, बायकांना अंघोळीला आडोसा आणि संडास आहे का. युरोपला माल पाठवणाऱ्या बागांना ग्लोबलगॅपचं, म्हणजे चांगल्या शेतीपद्धतीचं, प्रमाणपत्र लागतं आणि त्यात मजुरांसाठी संडास, हात धुवायची सोय असावीच लागते. काही ठिकाणी ती तपासणीच्या दिवसापुरतीच उघडते, तरी एकंदरीत अशा बागांवर सोय बरी असते आणि पैशाचा व्यवहारही जास्त चोख.

शेडच्या जवळ शेततळं आहे का ते मात्र नक्की बघा. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतो, तो ओला झाला की पोहता येणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण आणि आत लोंबती दोरी नसेल तर मुलं बरोबर असलेल्या टोळीने तिथे राहू नये. कपडे धुवायला, हंडा भरायला तळ्यावर जायचं नाही, पाणी नळीने खाली घ्यायचं.

थंडीला कमी लेखू नका. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधी पाचच्याही खाली जातो, मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार बागेत शेकोट्या पेटवतात. पत्र्याच्या शेडमध्ये ती थंडी वरून गळते. दोन जाड गोधड्या घरूनच न्या.

पिकअपमध्ये दाटीवाटीने उभं राहून घाट उतरणं हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. गाडी भरली असेल तर दुसरी खेप होऊ द्या, तासभर उशीर झाला तर चालतो. निघायच्या आधी दोघांच्याही बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा चालू करून घ्या. वर्षाला वीस रुपये कापतात आणि अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. रेशन कार्डाला दोघांचे आधार जोडलेले असतील तर तांदूळ-गहू दिंडोरीच्या दुकानातूनही उचलता येतो, गावी वाया जाऊ देऊ नका. टोळीत शाळेची मुलं असतील त्यांच्या आईबापांना सांगा की निघताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यावं, ते दाखवून तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बसता येतं.

तुमचं बारावीचं शिक्षण वाया जातंय असं प्रश्नात म्हटलंय. पॅकहाऊसला, म्हणजे द्राक्षं निवडून पेट्यांत भरतात तिथे, वजन, प्रतवारी, लेबल, नोंदी करायला लिहिता-वाचता येणारी माणसं लागतात. जानेवारीत खुडा सुरू झाला की मोहाडी, पिंपळगाव भागात चौकशी करा. तिथे सावलीत काम आणि पगार ठरलेला असतो, मात्र खोलीत गारवा असतो आणि कंटेनर निघायचा असला की रात्रपाळी लागते. एकाने पॅकहाऊस आणि एकाने टोळी असं केलंत तर पाऊस झाला तरी घरात एक रोज येत राहतो. पण डिसेंबरपर्यंत दोघांनीही विरळणीच करा, हात बसू द्या. पुढच्या वर्षी सिकेटर मिळायचं असेल तर बागायतदाराने तुम्हाला बागेत पाहिलेलं असावं लागतं.

मुकादमाशी आताच बोला. टोळ्यांची माणसं गणपतीच्या आसपास ठरतात, आणि दसऱ्याला फोन केलात तर तो ‘बघू’ म्हणेल, म्हणजे जागा भरली आहे.